बोटभर रुळांवरची गाडी

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याला जाण्याचा योग आला. काम तसे विशेष नव्हते. सौ.ची भावाकडे भाऊबीज होती आणि आबांचे डोळे एकदा दाखवून आणायचे होते, एवढेच. पण बरोबर चौदा वर्षांचा पुतण्या होता आणि त्याच्या पिशवीत, सदऱ्याच्या घडीत गुंडाळलेले, एक वीतभर लांबीचे रेल्वेचे इंजिन होते. हे इंजिन चालता चालता मध्येच थांबत असे. ते का थांबते, हे पुण्यात कोणीतरी सांगेल अशी त्याला आशा होती. मी बी. एस्सी. ॲग्रीकल्चर झालेला माणूस. कापसावरची बोंडअळी का आली हे मी सांगू शकतो. इंजिन का थांबते हे मला सांगता आले नव्हते.

आधी या इंजिनाची हकीकत सांगतो. माझ्या मेहुण्याची मुले मोठी झाली, नोकरीला लागली. त्यांच्या लहानपणचा आगगाडीचा संच माळ्यावर पडून होता. एक इंजिन, पाच डबे, पेटीभर रूळ आणि वीज कमी करून देणारी एक डबी. तो त्याने दोन वर्षांपूर्वी पुतण्याला दिला. पोराने बार्शी तालुक्यातल्या आमच्या घरी, माळवदावरच्या खोलीत, आठ फूट बाय चार फूट प्लायवूडच्या फळीवर तो मांडला. दोन महिने गाडी झकास पळाली. मग एकेक दुखणे सुरू झाले. एका ठरावीक वळणावर डबे रुळांवरून उतरत. फळीच्या पलीकडच्या टोकाला गेले की इंजिन कण्हू लागे. रूळ बदलण्याच्या सांध्यावर तर ते हमखास अडकून बसे, बोटाने ढकलावे लागे.

पोराचा सगळा जीव त्यात. आणि घरात त्यावरून रोज धुसफूस. पुतण्याचे वडील म्हणजे माझे दादा. दोन मुलींनंतर उशिरा झालेला हा मुलगा. त्याने शिकावे, नाहीतर निदान रानात तरी यावे, असे दादांचे म्हणणे. त्यांना गाडीचे नावच सहन होत नाही. "पुन्यास्नी घेऊन चाललाईस, तर ते खेळणं तिथंच सोडून ये," असे त्यांनी निघताना मला बजावले होते.

दादांना गाडीचा राग का, हे समजायला आबांची गोष्ट सांगितली पाहिजे.

आमचे आबा बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावर गँगमन होते. आज पंचविशीतल्या मुलांना ही गाडी ठाऊक नसेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती काढली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, आणि रूळही हलके, यार्डाला ३० पौंड वजनाचे. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ साली ती सरकारने घेतली. आबा १९६२ च्या सुमारास कामावर लागले आणि २००१ साली निवृत्त झाले. आषाढीला टपावर बसून जाणारे वारकरी त्यांनी चाळीस वर्षे पाहिले. पुढे हा मार्ग रुंद झाला. कुर्डुवाडी-लातूरचे काम २००८ मध्ये पुरे झाले, आणि लोहमार्ग त्या वेळच्या उस्मानाबादवरून, म्हणजे आजच्या धाराशिववरून, वळवल्यामुळे जुन्या छोट्या गाडीचा बराच मार्ग मोकळाच पडला. आबांनी ज्या रुळांना खडी घातली ते रूळ भंगारात गेले.

रेल्वेची नोकरी म्हणजे पगार नक्की, हे खरे. पण गँगमन घरचा नसतो. पावसाळ्यात रात्री हातात कंदील घेऊन मैलच्या मैल मार्ग तपासत चालायचे, कुठे भराव खचला, कुठे पाणी रुळांवर आले ते बघायचे. शेती आईवर पडली. आईला एकटीला झेपेना तेव्हा दादांनी आठवीतून शाळा सोडली. मी तिसरीने लहान, म्हणून शिकलो. हे मी आजवर कुठे लिहिलेले नाही. दादांनीही कधी बोलून दाखवले नव्हते.

असो. तर आम्ही पुण्यात पोचलो. आबांचे डोळे तपासून झाले. मोतीबिंदूचे ऑपरेशन पूर्वीच झाले आहे, आता ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने सुचवले की कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, ते बघून या.

नळ स्टॉपपर्यंत मेट्रोने गेलो. पुण्यात ही मेट्रो २०२२ पासून धावते. डोक्यावरून रूळ जातात याचे आबांना फार नवल वाटले नाही. त्यांना नवल वाटले ते आवाजाचे. डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "ठोका कुठाय? जोडच न्हाईत का हिला?" मी सांगितले की आता रूळ एकमेकांना वितळवून जोडतात, म्हणून खटक-खटक होत नाही. आबा म्हणाले, "मंग गँगमनला कळायचं कसं, कुठं दुखतंय ते?"

कोथरूड हे एके काळी पुण्याबाहेरचे खेडे होते, आता तिथे शेताचा बांधही सापडायचा नाही. कर्वे रस्त्यापासून आत हे संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. भाऊसाहेबांचा हा आयुष्यभराचा छंद. बाहेरून पाहिले तर एवढे काही आत असेल असे वाटत नाही. आत गेले की मोठ्या दालनात एक अख्खे गाव मांडलेले आहे आणि त्याच्या कडेने बसून पाहायचे.

डोंगर आहेत, बोगदे आहेत, पूल आहेत, स्टेशने आहेत. सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे. डोंगर चढणारी दोराची गाडी आहे. एक गाडी रुळाखाली लोंबकळत जाते. तसली खरी गाडी जर्मनीत वुपर्टाल गावी १९०१ पासून नदीवरून चालते. वाफेचे इंजिन धूर सोडत निघाले तेव्हा पुढच्या रांगेतली लहान मुले उभीच राहिली. मग दालनातले दिवे हळूहळू मंद केले. त्या गावात रात्र झाली. घरांच्या खिडक्यांत दिवे लागले, रस्त्यांवर दिवे लागले, सिग्नल लाल-हिरवे झाले आणि अंधारातून उजेडाच्या खिडक्यांची गाडी सरकत गेली. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण मलाही गहिवरल्यासारखे झाले.

हे सगळे एकास सत्त्याऐंशी या मापात आहे. म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान केलेली. साडेपाच फुटी माणूस दोन सेंटीमीटरलाही कमीच भरतो. एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. परदेशातल्या बहुतेक गाड्यांचे रूळ एकमेकांपासून १४३५ मिलिमीटरवर असतात, ते या मापात साडेसोळा मिलिमीटर होतात. जगभर छंदी लोकांत हेच माप सर्वांत चालते आणि पुतण्याचा संचही त्याच मापाचा. आमची बार्शीची गाडी या मापात करायची तर रुळांत जेमतेम नऊ मिलिमीटर अंतर ठेवावे लागेल. करंगळीसुद्धा मावायची नाही.

खेळ संपल्यावर सगळे उठले. आबा उठेनात. डोळे बारीक करून रुळांकडे बघत होते. मी विचारले, "काय बघताय?" म्हणाले, "गँग दिसंना कुठं. एवढा मार्ग ठेवायचा, मानसं नगत व्हय?"

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते, नातवाला घेऊन आलेले. आबांचे बोलणे ऐकून ते हसले. त्यांच्याही घरी असा रूळमार्ग होता, तीस वर्षे त्यांनी तो सांभाळला. पुतण्याने धीर करून पिशवीतून इंजिन काढले. बाहेर अंगणात उभे राहून त्या गृहस्थांनी अर्धा-पाऊण तास जे सांगितले, त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे. शेतकऱ्यांच्या घरांतूनही आता असले संच येऊ लागले आहेत. कोणाचा भाऊ पुण्या-मुंबईला असतो, कोणाचा भाचा परदेशात. दोन महिन्यांत गाडी बंद पडते आणि खोक्यात जाते. एका नव्या इंजिनाला चांगल्या शेळीची किंमत पडते, तेव्हा ते खोक्यात जाणे काही बरे नव्हे.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला, इंजिन उलटे केले आणि चाकावरून नख फिरवले. नखाला काळा मळ आला. म्हणाले, "ही बघ तुझी अर्धी दुखणी." ही गाडी विजेवर चालते आणि वीज रुळांतूनच येते. एका रुळातून वीज चाकात, चाकातून मोटारीत, मोटारीतून पलीकडच्या चाकात आणि दुसऱ्या रुळातून परत. रूळ आणि चाक जिथे टेकतात ती जागा मोहरीच्या दाण्याएवढीसुद्धा नसते. तिथे मळ बसला की रस्ता तुटला. धूळ, तेल, विजेच्या ठिणगीने पडणारी काजळी यांचा मिळून हा मळ होतो. पितळेचे रूळ असतील तर तेही काळे पडतात.

"मग तू रूळ कशाने पुसलेस?" त्यांनी विचारले.

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. कबूल करतो, ते पाप माझे. पंपाच्या स्टार्टरचे काळे पडलेले पॉइंट आपण पॉलिश पेपरने घासतो, तसा मी रुळांवर पॉलिश पेपर मारला होता. दोन दिवस गाडी पळाली आणि मग पहिल्यापेक्षा लवकर थांबू लागली. गृहस्थ म्हणाले की, पॉलिश पेपरने रुळांवर बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्या चऱ्यांतच घट्ट बसतो. नांगरटीच्या तासात पाणी थांबते तसेच. मळ काढायला औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याला लावावे आणि हलक्या हाताने पुसावे. चाकांसाठी एक छान युक्ती त्यांनी सांगितली. ओल्या फडक्याची पट्टी रुळांवर आडवी टाकायची. इंजिनाची पुढची चाके पट्टीवर, मागची चाके उघड्या रुळांवर. वीज सोडली की मागून वीज मिळते आणि पुढची चाके जागच्या जागी फिरत फडक्यावर स्वच्छ होतात. मग इंजिन उलटे फिरवून मागची. हे द्रव्य पेट्रोलसारखे पेटते, तेव्हा चुलीजवळ, देवाच्या समईजवळ हे काम करू नये. पुसून वाळल्याखेरीज वीजही सोडू नये.

तेलाचेही तसेच. गाडी अडली की पोरे तेल ओततात. आसाला सुईच्या टोकाने एक थेंब पुरतो, तोही प्लॅस्टिकला न खाणाऱ्या हलक्या तेलाचा. जास्तीचे तेल रुळांवर उतरते आणि मळाला चिकटून ठेवते.

डबे रुळांवरून उतरतात याबद्दल ते जे बोलले ते मला फार पटले. म्हणाले, आधी दोष कोणात ते ठरवा. सगळे डबे एकाच जागी पडत असतील तर रूळ बघा. एकच डबा जागोजागी पडत असेल तर तो डबा बघा. आपणही पिकाचे असेच करतो. सगळा प्लॉट पिवळा पडला तर माती-पाणी बघतो, एकच झाड पिवळे पडले तर त्याची मुळी उकरतो. पण शंभर शेतकऱ्यांतले नव्वद आधी औषध विचारतात आणि मग रोग बघतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

डब्याचे दोष दोनच. एक, चाकांची जोडी आत-बाहेर सरकलेली असणे. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास अंतर हवे. ते कमी झाले की चाक सांध्यावर चढते. दुसरा दोष वजनाचा. खेळण्यातले डबे फार हलके असतात, वळणावर ओढ बसली की आतल्या अंगाला कलंडतात. अमेरिकेतल्या छंदी मंडळींनी याचे माप ठरवून ठेवले आहे. डब्यामागे २८ ग्रॅम आणि शिवाय लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. म्हणजे सहा इंची डबा सुमारे ११२ ग्रॅमचा हवा. पुतण्याचा डबा गावी येऊन किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर तो ७० ग्रॅम भरला. त्याने ट्रॅक्टरचे जुने नट डब्यांच्या तळाशी चिकटवून वजन पुरे केले. वजन खाली आणि मधोमध हवे, एका अंगाला नको, हे बैलगाडी भरणाऱ्याला सांगायला नको.

सांध्यावर इंजिन का अडते, तेही कळले. तिथे रूळ एकमेकांना ओलांडतात तो व्हीच्या आकाराचा तुकडा बऱ्याच संचांत प्लॅस्टिकचा असतो. त्यात वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाके विजेवर असतात म्हणून ते पार होते, लहान इंजिन मध्येच उपाशी राहते. चाके स्वच्छ असली आणि थोड्या वेगात नेले तर बहुधा निभते.

मेहुण्याच्या घरी परतेपर्यंत पोराच्या वहीची चार पाने भरली होती. आबा काही बोलले नाहीत. रात्रीच्या गाडीने निघालो, पहाटे बार्शीला उतरलो. इंजिन अर्थातच बरोबर होते. दादांनी पिशवी पाहिली आणि न बोलता गोठ्याकडे गेले.

त्या दिवशी संध्याकाळी पुतण्याने रूळ पुसले, चाके पुसली. गाडी सुरू झाली, पण त्या वळणावर डबे उतरलेच. सगळे डबे, एकाच जागी. म्हणजे दोष रुळाचा. आम्ही दोघे वाकून बघत होतो. काही दिसेना. तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. आबा दोन वर्षांत माळवदावर चढले नव्हते.

त्यांनी काठी भिंतीला लावली, गुडघ्यांवर बसले आणि गाल फळीला टेकवून एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघितले. गँगमन असेच बघतो. वरून पाहिले तर रूळ सरळच दिसतो, रेषेत डोळा लावला की पोट आणि खड्डा कळतो. मग त्यांनी रुळाच्या माथ्यावरून अंगठ्याचे नख हळूहळू सरकवत नेले. एका जोडावर नख टक्‌ करून अडले.

"हितं हाय. जोडानं तोंड वर केलंय."

एक रूळ दुसऱ्यापेक्षा नखाएवढा वर होता. पुतण्या लगेच तो वरून दाबायला गेला. आबांनी त्याचा हात धरला. "वरनं ठोकून उपेग न्हाई. रूळ कवाच आपनहून वर येत न्हाई. खालचं बसलं म्हून त्यो वर आला. खाली बघ."

फळीखाली कंदील धरून पाहिले, म्हणजे मोबाइलची बॅटरी. पावसाळ्यात माळवद गळले होते. प्लायवूड त्या जागी फुगून वाकले होते आणि खालची पट्टी खिळ्यातून सुटली होती. लाकूड ओलीने फुगते, उन्हाने आकसते, लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. पट्टी नीट बसवली. तरी जोडाच्या पलीकडे केसभर खड्डा राहिलाच. आबांनी लग्नाची जुनी पत्रिका मागवली, तिच्या कात्रीने बारीक चकत्या केल्या आणि रुळाखाली एकेक सरकवत गेले. सरकवायची, नख फिरवायचे, पुन्हा एक सरकवायची. खडी भरतात ती अशीच, एकदम नाही. शेवटी बाहेरच्या रुळाखाली आणखी एक चकती घातली. वळणावर बाहेरचा रूळ किंचित उंच ठेवतात, गाडीचा तोल आत राहतो. जोड अगदी भिडवू नको, उन्हाळ्यात रूळ लांबतो, पातळ कागदाएवढी फट ठेव, हेही सांगितले. त्या फटीवरून जाताना चाक बारीक ठोका देऊ लागले. आबांनी मान हलवली. गाडी सात वेळा फिरली, एकही डबा पडला नाही.

दादा दारात केव्हा येऊन उभे राहिले कळले नाही. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्री दहाला येत होती, ते पाणी धरायला निघाले होते. खांद्यावर खोरे, डोक्याला मफलर. आबा गुडघ्यांवर, पोराच्या खांद्याला खांदा लावून बसलेले त्यांनी पाहिले.

"माझ्या वक्ताला असं कवा बसला न्हाईसा," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही. साधेच म्हणाले.

खोलीत गाडीचा तेवढा आवाज होता. आबा खाली बघत राहिले. मीही खाली बघत राहिलो, कारण दादांच्या शाळेचा विषय निघाला तर माझेही त्यात देणे होते. बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "तवा रूळ सोडून येता यायचं न्हाई रं. गाडी पडली असती." थोडे थांबून म्हणाले, "तुजी साळा मातर पडली."

दादा काही बोलले नाहीत. निघून जातील असे मला वाटले. पण गाडी फळीच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि नेहमीसारखी कण्हली. दादांनी मान वळवली. पंचेचाळीस वर्षे मोटारीचे आवाज ऐकलेला कान तो.

"दाब पडतोय तिकडं," ते म्हणाले. "वीज कुठनं दिलीया?"

वीज एकाच ठिकाणी, फळीच्या अलीकडच्या कडेला, दिलेली होती. तिथून पुढे ती एका रुळातून दुसऱ्या रुळात पत्र्याच्या छोट्या चिमट्यांतून जात होती. दादा म्हणाले की विहीर डीपीपासून लांब आणि वायर बारीक असली की मोटार नुसती गुंगुं करते, पाणी उचलत नाही, तेच हे. प्रत्येक सैल जोडाला थोडा थोडा दाब गळतो आणि टोकाला जाईपर्यंत काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी पाणबुडी मोटारीच्या केबलचा उरलेला तुकडा त्यांनी आणला. तो सोलून तांब्याच्या दोन जाड तारा फळीच्या खालून गोल फिरवल्या आणि चार ठिकाणी भोके पाडून बारीक तारांनी वर रुळांना जोडल्या. डाग मारायला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून इस्त्री आणली. रुळाखालचे स्लीपर प्लॅस्टिकचे, ते वितळतात, म्हणून डागाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवून झटक्यात काम उरकले. एक तार डाव्या रुळाची, एक उजव्या रुळाची. त्यांत अदलाबदल झाली की शॉर्ट. दादांनी तारांना आधीच लाल-काळी चिकटपट्टी लावली होती. गाडी आता पलीकडच्या टोकालाही त्याच चालीने जाते.

एक इशारा मात्र देतो. रुळांतली वीज बारा व्होल्टची, तिला हात लागला तरी भीती नाही. पण भिंतीतून डबीत येणारी वीज २३० व्होल्टची आहे. डबी मुलांनी उघडू नये. पुतण्याला ही ताकीद दादांनी स्वतः दिली.

एक दुखणे अजून उरले आहे. पोराने नवा सांधा घालून गाडी वळसा घेऊन आल्या मार्गाने परत फिरेल अशी रचना केली. तसे केले की डावा रूळ फिरून उजव्याला येऊन भिडतो, धन आणि ऋण एक होतात आणि डबी वीज तोडते. पुण्याच्या गृहस्थांनी यावरचा उपाय सांगितला होता. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून मध्ये प्लॅस्टिकचे जोड घालायचे आणि गाडी आत असताना बटणाने बाहेरच्या मार्गाची वीज उलटी करायची. बटण आणले आहे. दादांनी आकृती काढली आहे, पण पुतण्याला ती मान्य नाही. दोघांचा वाद गेल्या रविवारपर्यंत मिटला नव्हता.

मधल्या काळात आबांनी त्या वळणाशेजारी गँगची झोपडी हवी म्हणून हट्ट धरला. पुतण्याने ती काडीपेटीची केली, काड्या तासून सहा माणसे केली, पहारी घेतलेली. पाचजण गँगमन आणि एक मुकादम. दादा रानातून आले, चहा पीत उभे राहून बघत होते. म्हणाले, "भाकरी घेऊन येनारं पोरगं न्हाई का? मीच जायाचो की, उन्हाचा, दोन मैल."

"किती वर्षांचे होता तुम्ही?" पुतण्याने विचारले.

"आठ असन."

पुतण्याने वही काढली. आठ वर्षांचा मुलगा, उंची धरा सव्वाशे सेंटीमीटर, भागिले सत्त्याऐंशी. दीड सेंटीमीटरला थोडे कमी आले. त्याने काडी मोजून कापली.